काळ्या पट्ट्यातले ताड

१४ एप्रिल १९५६

आज बागेतल्या काळ्या मातीच्या पट्ट्यातला आणखी एक ताड पडला. वारा नव्हता. कुणी हात लावला नव्हता. मी ओसरीवर चहा पीत होतो, तेवढ्यात आवाज आला — भरलेलं पोतं खाली टाकावं तसा. मी पोचेपर्यंत चुडामण तिथं उभा होता, पडलेल्या खोडावरून हात फिरवत. खोडावर मातीचे पापुद्रे. खरवडले की खाली पांढरे किडे.

"उधई लागली साहेब," तो म्हणाला.

मला दिसत नव्हतं का? तेरा वर्षं राखणदारी करतोय तो इथं, आणि जे समोर दिसतं तेच सांगतो.

लढाईच्या काळात तेलाची टंचाई होती. नागपूरहून हुकूम आला — आफ्रिकेतला तेलताड बुऱ्हाणपुरात तापीकाठी लावून पाहा, फळातून तेल निघतं. टोपल्यांतून रोपं रेल्वेनं आली. स्टेशनावरून बैलगाड्या लावून मीच आणली. तेव्हापासून ही बाग आणि मी. गावातले लोक अजून विचारतात, साहेब, ताडी निघते का? तेल निघतं म्हटलं की हसतात.

नागपूरला लिहिलं — उधईची माहिती असलेला माणूस लवकर पाठवा.

१५ एप्रिल

दिवसभर कुणाशी बोललो नाही. चुडामणशी काय तेवढंच — पाणी सोड, पाणी बंद कर.

२ मे

नागपूरचं उत्तर आलं. कीटकशास्त्राच्या कुणी लीलाबाई येणार आहेत. बाई! या उन्हात, काखेत छत्री घेऊन येतील आणि दोन दिवसांत परत जातील. त्यांची सोय गोदाबाईंकडे केली. गोदाबाई मुलींच्या शाळेत शिकवतात, राजघाटाजवळ राहतात, वरची खोली रिकामी आहे. निर्मला, माझी बायको, होती तेव्हा त्यांचं आमच्याकडे येणं-जाणं होतं. निर्मला गेल्यावर ते थांबलं. बाईमाणसाचं येणं बाईमाणसाकडेच असतं.

९ मे

आल्या. छत्री नव्हती. डोक्याला पांढरा पंचा बांधलेला, खांद्यावर पिशवी, पिशवीत काचेच्या नळ्या खुळखुळत होत्या. अकोल्याच्या आहेत. वय सव्वीस-सत्तावीस असेल. टांग्यातून उतरल्या उतरल्या विचारलं, "साहेब, बाग किती जमिनींवर आहे?"

किती एकर असं सगळे विचारतात. किती जमिनींवर, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

तिन्ही पट्टे दाखवले. नदीकाठची मळई — पुरानं आणून टाकलेली, भुसभुशीत. मधली काळी — कापसाची, केळीची, सगळ्यांना हवी असलेली. आणि वर टेकाडाकडचा मुरूम. काळीत सर्वांत जास्त झाडं आहेत. ती सर्वांत चांगली जमीन, असं नागपूरच्या लोकांनाही वाटलं आणि मलाही.

बाई काळ्या पट्ट्यात बराच वेळ उभ्या राहिल्या. जमिनीला भेगा पडल्यात, पाऊल आत जाईल एवढ्या. त्यांनी एका भेगेत हात घातला. कोपरापर्यंत गेला.

१३ मे

गेल्या नाहीत. रोज सकाळी येतात. पडलेल्या झावळ्या उलटतात, वारूळ पहारीनं फोडतात, चिमट्यानं किडे उचलून स्पिरिटमध्ये टाकतात. चुडामणला खणायला सांगितलं तर तो म्हणतो, बाई सोत्ताच खनतात, मी काय करू?

दुपारी ओसरीवर सावलीला बसतात. आज मला भिंगातून दाखवलं — उधईचा शिपाई. डोकं मोठं, पिवळं, पुढं कात्रीसारखे जबडे. "उधई एक जात नाही साहेब. शिपायाचं डोकं पाहिलं की जात कळते. तुमच्या मळईत वेगळ्या जाती आहेत, मुरमावर वेगळ्या. काही जाती एकाच झावळीखाली शेजारी शेजारी राहतात."

"भांडत नाहीत?"

"भांडतात ना. पण खायला भरपूर असलं की कमी."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसण्याचा आवाज ऐकला — माझाच.

२० मे

हल्ली रोज दाढी करतो. आधी एक दिवसाआड करायचो. लिहायलाही लाज वाटते, पण इथं कोण वाचतंय.

६ जून

चुडामणची बायको भागाबाई निंदणीला आली होती. येताना बाईंसाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला. बाईंनी ओसरीच्या पायरीवर बसून खाल्ला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी थांबल्या नाहीत. भागाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. मग माझ्याकडे पाहून चुडामणला काहीतरी हळूच म्हणाली. त्यानं मान हलवली. मी आत जाऊन माझा पिठलं-भात खाल्ला.

१९ जुलै

आठवडाभर पाऊस. काळ्या पट्ट्यात पाणी साचून राहिलंय, गुडघ्याएवढं. मळईतलं पाणी तासाभरात जिरतं. मुरमावरचं वाहून जातं. काळीतलं हलत नाही.

लीलाबाई साडी खोचून त्या पाण्यात उतरल्या. ताडाच्या बुंध्याशी हात घालून माती वर काढली, नाकाशी नेली. मला म्हणाल्या, वास घ्या. घेतला. कुजका, आंबलेला.

"याचा उधईशी काय संबंध?"

"बघतेय," एवढंच म्हणाल्या.

११ ऑगस्ट

नागपंचमी. भागाबाई मुरमावरच्या मोठ्या वारुळाला दूध, लाह्या घेऊन आली, तर अर्धं वारूळ फोडलेलं. लीला अपराध्यासारखी उभी. (आता तिला अहो-जाहो करायचं सुटलंय. तिनंच सांगितलं — साहेब, मला बाई म्हणू नका, मागं कुणी उभं आहे का असं वाटतं.)

"मी फोडलं भागाबाई."

भागाबाईनं वाकून पाहिलं. फोडलेल्या जागी ओल्या मातीचे नवे कंगोरे आले होते. "बांधून राह्यले ते पुन्हा," ती म्हणाली. राहिलेल्या अर्ध्या वारुळाला हळद-कुंकू वाहिलं. लीलालाही कुंकू लावलं.

संध्याकाळी टांगा आला, लीला गेली. चुडामणनं कंदील लावून ठेवला आणि तोही दापोऱ्याला घरी गेला. नेहमीसारखंच. पण आज बाग फार मोठी वाटली.

३ सप्टेंबर

नागपूरच्या ऑफिसात सगळी उलथापालथ आहे म्हणे. नोव्हेंबरपासून राज्य नवं. नागपूर मुंबई राज्यात जाणार, आम्ही बुऱ्हाणपूरवाले भोपाळकडे. अर्ध्या लोकांनी खुर्च्या रिकाम्या केल्यात. डायरेक्टरसाहेब खंडव्याला जाताना वाटेत उतरले. ते मुंबईकडे चालले आहेत. ओसरीवर बसून खाजगीत म्हणाले, "विनायकराव, जानेवारीत तुमचं निवृत्तीचं वय होतं. नवं सरकार ही बाग ठेवेल असं वाटत नाही. पण झाडं उधईनं मरतायत असा रिपोर्ट असेल, तर औषधाची योजना होऊ शकते. दोन-तीन वर्षांचं काम. माहितगार माणूस म्हणून मुदतवाढ तुम्हालाच मिळेल. तसं मी लिहून ठेवतो."

उधईच आहे. डोळ्यांनी दिसते. अडचण कसली?

२४ सप्टेंबर

अडचण आहे.

लीला आज नळ्यांची पेटी घेऊन आली आणि टेबलावर तीन ओळी मांडल्या. मळई — नळ्या भरलेल्या. मुरूम — भरलेल्या. काळी — अगदी थोड्या.

"साहेब, हे बघा. जिथं झाडं मरतायत, तिथं उधई सगळ्यात कमी आहे. आणि मळईत, जिथं झाडावर फळांचे घड लटकतायत, तिथं सगळ्यात जास्त."

"मग पडलेल्या खोडांवर माती कशी?"

"झाड मेल्यावर येते ती. मेलेलं खाते. जिवंत ताडाला तिनं तोंड लावलेलं मला एकदाही दिसलं नाही."

"मग मारतंय कोण?"

तिनं काळीच्या ओळीवर बोट ठेवलं. "जमीन. उन्हाळ्यात भेगा पडतात, मुळं तुटतात. पावसाळ्यात पाणी साचतं, उरलेली कुजतात. उधईलाही तिथं घर टिकवता येत नाही — बोगदे तुटतात, बुडतात. ज्या कारणानं ती तिथं राहत नाही, त्याच कारणानं ताड मरतायत."

मी म्हणालो, "तू इथं चार महिने आहेस. मी तेरा वर्षं आहे."

ती म्हणाली, "हो साहेब."

नळ्या आवरल्या. चहा घेतला नाही.

२५ सप्टेंबर

आज ती आली, काम केलं, गेली. मी ऑफिसातून बाहेर पडलो नाही.

१४ ऑक्टोबर

स्वतः जाऊन काळीतलं एक मेलेलं झाड उकरून पाहिलं. एकट्यानंच, चुडामण घरी गेल्यावर. मुळं काळी, हातात धरली की साल सुटून येत होती. किडे नव्हते.

खड्डा बुजवून टाकला.

१ नोव्हेंबर

आज नवं राज्य. फाटकावरची पाटी रंगवणाऱ्याला विचारलं, काय लिहिणार? म्हणाला, ऊपर से जो आएगा वही लिखेंगे साहब. तोवर जुनी पुसून कोरी पांढरी ठेवली आहे. उद्या लक्ष्मीपूजन. लीला दिवाळीला अकोल्याला गेली. मुलाचं, श्रीकांतचं, नागपूरहून पत्र — दादा, जानेवारीनंतर इकडेच या. खाली त्याच्या बायकोच्या अक्षरात एक ओळ: पुढची खोली मुलांच्या अभ्यासाची आहे, पण बघू.

चुडामणनं ओसरीच्या कडेला पणत्या लावल्या. म्हणाला, "भागानं दिल्या." फराळाचा डबाही दिला. म्हणाला, "दिवायीचं घरी कोनी नाही तर..." आणि पुढं बोललाच नाही. उभा राहिला. मी म्हणालो, ठेव तिथं. गेला.

१८ नोव्हेंबर

लीला परत आली. आज मी तिला सांगितलं.

शब्द आधी ठरवले होते, तरी नीट आले नाहीत. मळईच्या पट्ट्यात होतो, ती झावळ्या उलटत होती.

"लीला, रिपोर्ट लिहायला घेतलास?"

"या आठवड्यात घेते."

"उधईचं लिही."

ती उठून उभी राहिली. "म्हणजे?"

"झाडं उधईनं मरतायत असं लिही. पूर्ण खोटं नाही ते. पडलेल्या प्रत्येक खोडावर आहेच. औषधाची योजना होईल. बाग राहील. मला मुदतवाढ मिळेल. तुझी टेंपररी नोकरीही पुढं चालेल." मग जे बोलायचं नव्हतं ते बोललो. "मला दुसरीकडे जायला जागा नाही."

तिच्या हाताला माती होती. ती एका हातानं दुसऱ्या हाताची माती काढत राहिली.

"औषध मारलं तर मळईतली सगळी उधई मरेल, साहेब. पडलेलं कुजवून माती करते ती. तीच गेली तर तिथली झाडंही..."

"ते पुढचं पुढं."

तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. टांगा यायला वेळ होता, तरी चालत निघाली. चुडामण तिची पेटी डोक्यावर घेऊन शनवारा दरवाजापर्यंत मागं गेला.

१९ नोव्हेंबर

आली नाही.

२१ नोव्हेंबर

आली नाही.

२९ नोव्हेंबर

आली. रिपोर्ट दिला. टाइप केलेला, टाचलेला. शेवटच्या पानावर निष्कर्ष — झाडांच्या मृत्यूचे मुख्य कारण उधई. खाली सही.

मी सांगितलं होतं तसंच. एक शब्दही इकडे तिकडे नाही.

"छान," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"साहेब, मी जाऊ आता?"

"चहा?"

"नको."

हवं होतं ते हातात आहे. पुढं भोपाळला मीच पाठवायचा आहे. भोपाळचे अधिकारी महिनाभरात स्वतः येणार आहेत, तेव्हा त्यांच्या हातातच द्यावा म्हणून ठेवला. खरं तर आजही पाठवता आला असता.

७ डिसेंबर

बाजारात गोदाबाई भेटल्या. भाजी घेत होत्या. मला बाजूला घेतलं.

"विनायकराव, त्या मुलीचं काय झालंय?"

"का?"

"दिवाळीपासून तिचा भाऊ स्थळ घेऊन मागं लागलाय. ती म्हणत होती, माझं काम अजून व्हायचंय, ते झाल्याशिवाय मी लग्नाचं बघणार नाही. काय ठाम होती हो! आणि परवा म्हणते, भावाला हो कळवून टाकते. मी म्हटलं, आणि काम? तर म्हणाली, कसलं काम गोदाबाई, मला जे सांगतील ते लिहिता येतं, एवढंच माझं काम. नळ्यांची पेटी खाटेखाली सारून ठेवलीय. जेवत नाही धड. तुमच्याकडे काही झालं का?"

"नाही," मी म्हणालो.

गोदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत कुणी खोटं बोललं की त्या असंच पाहत असतील. पिशवी उचलून गेल्या.

८ डिसेंबर

राजघाटाला गेलो. गोदाबाईंच्या जिन्यावरून वर चढलो. लीला खिडकीशी बसली होती. मला पाहून उठली, पदर सावरला.

रिपोर्ट तिच्यापुढं ठेवला. "हा मी पाठवला नाही. पाठवणार नाही. खरा लिही."

मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. तिचा चेहरा लाल झाला.

"तुम्ही सांगितलं म्हणून खोटं लिहिलं. आता तुम्ही सांगता म्हणून खरं लिहू? यात माझं काहीच नाही का, साहेब?"

मी रिपोर्ट आणखी पुढं सरकवला.

"तुमच्यासाठी लिहिलं मी. तुम्ही म्हणालात, जायला जागा नाही. मला तेवढंच ऐकू आलं. सही करताना हात थांबला, तरी केली. आता तुम्ही येऊन म्हणता, नको. मग मी केलं त्याचं काय करू?"

"चूक माझी होती."

"चूक माझीही आहे. माझी तरी मला ठेवू द्या."

खाली गोदाबाईंच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. मी रिपोर्ट तिथंच ठेवून उतरलो. घाटावर थोडा वेळ बसलो. नदीला पाणी कमी आहे. पलीकडून कुणी बाई नवऱ्याला जेवायला हाका मारत होती — तो पाण्यात उभा, ओ देत होता पण निघत नव्हता.

१३ डिसेंबर

ती आलेली नाही. अधिकारी सोमवारी येणार. मी त्यांना तोंडी काय ते सांगेन. रिपोर्ट तयार नाही म्हणेन.

१७ डिसेंबर

भोपाळचे अधिकारी आले. वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला सभ्य. हिंदीत बोलत होते, मी माझ्या बुऱ्हाणपुरी हिंदीत. बाग दाखवत निघालो. काळ्या पट्ट्याशी आलो, तर लीला तिथं आधीच उभी. डोक्याला पंचा, साडी खोचलेली, हातात पहार. शेजारी चुडामण फावडं घेऊन.

मला तिनं ओळख दाखवली नाही. अधिकाऱ्यांना नमस्कार केला.

"ये पेड़ किस से मर रहे हैं?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत तिनं पहार मारली. काळीतल्या अर्धवट सुकलेल्या एका ताडाच्या बुंध्याशी. चुडामण माती ओढत होता, ती खणत होती. अधिकारी खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. तिनं एक मूळ उपटून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दाबलं, साल निघून आली. नाकाशी नेलं आणि तोंड फिरवलं.

"दीमक?"

"एक भी नहीं है, सर. अब नीचे नदी की तरफ चलिए।" मग त्यांना मळईत नेलं. झावळी उलटली — खाली उधईच उधई. आणि वर पाहा म्हणाली. वर लाल-काळे घड, माणसाच्या धडाएवढे.

ते बराच वेळ वर पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले, "आपको मालूम था?"

"हां," मी म्हणालो. "इन्होंने सितंबर में ही बता दिया था. मैंने नहीं माना।"

लीलानं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

पुढं ओसरीवर चहा झाला. तिनं पिशवीतून रिपोर्ट काढून दिला. खरा. आता लिहिलेला होता, की खोट्याच्या आधीच तिनं लिहून ठेवलेला होता, मी विचारलं नाही. निर्णय त्यांनी तिथंच सांगितला. आवाजात वाईट वाटल्याचा सूर होता. मळईतल्या थोड्या झाडांवर बाग चालत नाही. ताड काढायचे, जमीन बियाण्याच्या फार्मला द्यायची. लीलाला विचारलं, जबलपुरात कीटकशास्त्राला माणसं हवी आहेत, याल का?

ती म्हणाली, "कामासाठी येईन."

२४ डिसेंबर

लीला ओसरीवर आली. आपणहून चहा मागितला. चुडामणनं केला, गूळ जास्त पडला, तरी तिनं सगळा प्यायला.

"भावाला 'नाही' म्हणून कळवलं," ती म्हणाली.

"बरं केलंस."

बाकी बराच वेळ नुसते बसलो. पूर्वी बसायचो तसं.

१२ जानेवारी १९५७

लीला आज जबलपूरच्या गाडीनं गेली. स्टेशनावर गोदाबाई, मी, चुडामण. चुडामणनं नळ्यांची पेटी मांडीवर धरून ठेवली होती, गाडी येईपर्यंत खाली टेकवली नाही.

ती वाकून नमस्कार करायला लागली. मी धरलं.

"साहेब, आता तुम्ही बोलाल कुणाशी?"

"आहेत की," मी म्हणालो.

तिनं विश्वास ठेवल्यासारखं दाखवलं. गाडी सुटली. गोदाबाई डोळे पुसत टांग्यात बसल्या. मी आणि चुडामण बागेपर्यंत चालत आलो. सगळ्या रस्त्यात दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. आमचं तसंच असतं.

१९ जानेवारी

तोड सुरू झाली. काळीतले आधी. एक घाव, दोन घाव, आणि पडतात — आत काही उरलेलंच नव्हतं. मी ऑफिसात बसून ऐकतो.

२५ जानेवारी

आज मळईतले. ते लवकर पडत नाहीत. माणसं थकली, कुऱ्हाडींना पुन्हा धार लावली. एका झाडावरून पिकलेला घड खाली आला, लाल बोंडं सगळीकडे पसरली. भागाबाईनं ओंजळभर गोळा केली. कशाला, विचारलं. "तेल काढून पाहीन," म्हणाली. तेरा वर्षांत गावातल्या कुणी तेल काढून पाहायचं म्हटलं नव्हतं.

निर्मला म्हणायची, तुमच्या झाडांना ना सावली, ना वास. आज त्यांच्या खोडांचा वास आला. ओल्या चिकाचा, थोडा गोड.

३१ जानेवारी

चार्ज दिला. क्वार्टर रिकामं केलं. खुर्च्या सरकारी, खाट माझी. खाट चुडामणला दिली. ट्रंक, वळकटी, निर्मलाचा फोटो. उद्या भुसावळवरून नागपूरची गाडी. श्रीकांत स्टेशनावर येईल. त्याच्या मुलांची अभ्यासाची खोली.

कंदील आज मीच लावला. चुडामण लवकर गेला, म्हणाला घरी काम आहे.

१ फेब्रुवारी, दापोरा

गाडी वेळेवर आली. मीच चढलो नाही.

चुडामणनं ट्रंक डब्यात ठेवली आणि पुन्हा उतरवली. मला वाटलं डबा चुकला. तो खाली पाहून बोलला, "साहेब, तुमची खाट मी आमच्या पडवीत टाकली काल. भागानं सारवलं. नागपूरले जायाचं तर जा. पन खाट टाकली आहे."

मी विचारलं, हे आधी कधी का नाही म्हणालास?

"भागा म्हने, साहेब एकटे जेवतात, त्यायले बलाव. बाईसाहेब गेल्या तवापासून रोज म्हने. मीच नाही बलावलं. मले वाटे, तुमले आमच्या घरचं चालनार नाही."

मी ट्रंकेचं दुसरं टोक उचललं.

भागाबाई हाक मारतेय. "भाऊ, या." ताट वाढलंय.